वॉल्डॉर्फ शाळेत नवीन आलात? साताऱ्याच्या थंडीतले सण कसे करायचे ते सांगते

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या ग्रुपवर नवीन पालकांचे मेसेज सुरू होतात. कंदील परवाच उतरवून माळ्यावर टाकला, आता परत कसला कंदील करायचा? ते स्पायरल म्हणजे नेमकं काय? पोराला काय घालून पाठवू, फोटो काढू देतात का, आजी-आजोबांना आणलं तर चालेल का. दरवर्षी आम्ही जुने पालक तुकड्यातुकड्यात उत्तरं देतो आणि निम्मी वर निघून जातात, म्हणून यंदा सगळं एका जागी लिहून काढतेय. माझी मोठी पाचवीत आहे, धाकटा बालवाडीत, म्हणजे या शाळेतला माझा हा सातवा हिवाळा. आमची शाळा अगदी छोटी, चाळीसेक मुलं, साताऱ्यात. पण कराडला, सांगलीला, इस्लामपूरला कुठेही चार घरं मिळून मुलांसाठी असं काही करत असाल तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण मला ती समजायला तीन वर्षं लागली. इथे सण त्या दिवशी होत नाही, सण होतो आधीच्या तीन आठवड्यांत. कागद रंगवताना, पावटे सोलताना, वाती वळताना. त्या दिवशी संध्याकाळी तासाभराचा कार्यक्रम असतो आणि त्यात बघण्यासारखं फार काही नसतं, नवीन पालक कधीकधी एवढंच का म्हणतात, पण पोराने तो कंदील स्वतःच्या हाताने केलेला असतो, त्याला विचारा मग कळतं.

आधी थोडं मागचं

पहिली वॉल्डॉर्फ शाळा जर्मनीत श्टुटगार्टला सप्टेंबर १९१९ मध्ये सुरू झाली. वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता, त्याचे मालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायची म्हणून ही शिक्षणपद्धत मांडणारे ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांना बोलावलं, कारखान्याचं नाव शाळेला मिळालं आणि तेच जगभर गेलं. आता गंमत बघा, त्याच वर्षी, जेमतेम महिन्याभराने, ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काल्यात कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, रयत शिक्षण संस्था सुरू केली. तीही कष्टकऱ्यांच्याच पोरांसाठी, आणि तिथेही हाताने काम करत शिकायचं, स्वावलंबन हेच ब्रीद. मी हे नवीन पालकांना आवर्जून सांगते कारण पुष्कळांना वाटतं की ही काहीतरी परदेशी श्रीमंती शाळा आहे. हाताला काम आणि मग डोक्याला शब्द ही गोष्ट साताऱ्याला कुणी बाहेरून येऊन शिकवावी अशी नाही.

सणांचं मात्र नीट समजून घ्यायला लागतं. तिकडचे, म्हणजे युरोपातले, थंडीतले सगळे सण उजेडाचे आहेत, ११ नोव्हेंबरची कंदिलाची फेरी, ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार रविवारच्या मेणबत्त्या, १३ डिसेंबरचा संत लुसियाचा दिवस, सगळे. कारण श्टुटगार्टला २१ डिसेंबरच्या आसपास दिवस सव्वाआठ तासांचाच असतो, मुलं अंधारात शाळेत जातात आणि परत येईपर्यंत अंधार पडायला लागलेला असतो. आपल्याकडे त्याच दिवशी ११ तास ऊन असतं. साताऱ्याचा हिवाळा म्हणजे सुगी. हुरडा, पावटा, ओला हरभरा, ऊस, बोरं, वर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, खाली तासगावची द्राक्षं. म्हणून आमच्या शाळेत दोन्ही धागे धरून चालतो, संध्याकाळी छोटासा उजेड आणि दिवसा शेतातलं आलेलं. तिकडचं जसंच्या तसं उचललं तर मुलांना पुस्तकातलं वाटतं आणि नुसतं आपलं नेहमीचं केलं तर आपण ते घाईत उरकतो, हा माझा अनुभव आहे.

पहिलं काम, कॅलेंडर उघडा आणि खोडायला शिका

भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर घ्या आणि कार्तिक पौर्णिमेपासून रथसप्तमीपर्यंत बघा. तुळशीचं लग्न, त्रिपुरी पौर्णिमा, मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठी, दत्तजयंती, नाताळ, भोगी, संक्रांत, बोरनहाण, पालीची यात्रा, रथसप्तमी. सगळं करायला गेलात तर जानेवारीत तुम्ही आजारी आणि पोर चिडचिडं. चार निवडा. आमचे चार म्हणजे कंदिलाची फेरी, स्पायरल, भोगी-संक्रांत आणि शेवटी मेणबत्त्या. बाकीचं घरी जसं चालतं तसं चालू द्या. आणि एकदा निवडलं की दरवर्षी तेच, तसंच, त्याच गाण्यांसकट. सात वर्षांखालच्या मुलाला नवीन थीम नको असते, त्याला गेल्या वर्षीचंच पुन्हा हवं असतं आणि तो ते बारकाईने तपासतो, अगदी मागच्या वेळी शिकवणाऱ्या ताईने लाल शाल घेतली होती, आज का नाही, इतकं.

ऋतूचा कोपरा

वर्गात खिडकीपाशी एक छोटं टेबल असतं, घरीही करता येतं, एक स्टूल पुरतं. खाली एक कापड, त्या त्या ऋतूच्या रंगाचं. थंडीत आम्ही निळं-करडं सुती कापड घालतो, आईची जुनी साडी कापलेली. वर जे बाहेर मिळतं ते. विकतचं प्लास्टिकचं काही नको. कासच्या पठारावरून काही उचलून आणायचं नाही, फूल नाही, दगडसुद्धा नाही, हे मुलांसमोरच ठरवा.

तिकडे ॲडव्हेंटच्या चार आठवड्यांत कोपऱ्यावर क्रमाने दगड, मग वनस्पती, मग प्राणी आणि शेवटी माणूस येतो. आमच्याकडे हे मार्गशीर्षातल्या गुरुवारांना जोडलंय, कारण निम्म्या घरांत त्या दिवशी घट मांडलेला असतो, डहाळ्या आणलेल्या असतात, मुलं ते बघूनच शाळेत येतात. पहिल्या गुरुवारी कृष्णेतले गोटे, काळा खडक, एखादी गारगोटी. दुसऱ्याला ज्वारीचं कणीस, तुळशीच्या मंजिऱ्या, शेवंती. तिसऱ्याला मुलांनी लोकरीचे नाहीतर मातीचे केलेले प्राणी, बैल असतोच, शेळी असते. चौथ्याला माणसं, कापडाच्या छोट्या बाहुल्या, आणि त्यात पगडीवाला आजोबा आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई असायला पाहिजे, सगळीच सोनेरी केसांची नकोत. एखाद्या वर्षी पाच गुरुवार येतात, मग पाचव्याला नुसती समई. कोपऱ्याबद्दल मुलांना समजावून सांगू नका. दगड का ठेवलाय असं विचारलं तर म्हणा, छान आहे ना, हात लावून बघ.

कंदील, आणि तो कधी न्यायचा

तिकडे ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस असतो. रोमन सैनिक होता, आमिएन्स गावाच्या वेशीवर थंडीने कुडकुडणारा भिकारी दिसला तेव्हा त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापून अर्धा त्याला दिला. ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतोच, आणि दुसऱ्या दिवशी संत एकनाथांची सांगतो, काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली ती. दुसरीच्या वर्षात वॉल्डॉर्फमध्ये संतांच्या गोष्टी असतातच, त्यामुळे दोन्ही एकमेकांशेजारी छान बसतात, काही जुळवून दाखवावं लागत नाही.

आता तारीख. सुरुवातीला आम्ही फेरी त्रिपुरी पौर्णिमेला ठेवली होती, वाटलं त्रिपुर लावतात, दीपमाळा पेटतात, त्याच दिवशी करू. पण पौर्णिमेचं चांदणं इतकं टिपूर की कंदील फिके पडले, मुलं कंदिलाकडे बघेनात. तेव्हापासून पौर्णिमेनंतरच्या संकष्टीला करतो. चंद्रोदय आठच्या आसपास असतो, सूर्य सहालाच मावळतो, म्हणजे साडेसहा ते साडेसात चांगला काळोख मिळतो, आणि ज्यांचा उपवास असतो ते घरी जाऊन चंद्र बघून सोडतात.

कंदील असा करायचा. जाड ड्रॉइंगचा कागद पाण्यात भिजवून बोर्डवर पसरायचा आणि ओल्यावरच लाल, पिवळा, निळा पाण्याचा रंग सोडायचा, ते एकमेकांत पसरतात ते पसरू द्यायचे, चित्र काढायचं नाही. वाळायला रात्र लागते. दुसऱ्या दिवशी पाठीमागून कापसाच्या बोळ्याने तेल चोळायचं म्हणजे कागद काचेसारखा पारदर्शक होतो. इथे एक लक्षात ठेवा, खोबरेल वापरू नका. थंडीत ते थिजतं आणि कागदावर पांढरे ढग दिसतात, एका वर्षी सगळ्या वर्गाचे कंदील असे झाले होते आणि आम्ही हेअर ड्रायर लावत बसलो होतो. सूर्यफुलाचं तेल घ्या. मग वर्तमानपत्राच्या घडीत एक रात्र दाबून ठेवा. तळाला पुठ्ठा लागतो, कंदी पेढ्यांचा बॉक्स साताऱ्यात कुणाकडे नसतो, तोच कापा. चिकटवायला कणकेची खळ. वरून तार आणि दोन फूट बांबूची काडी. आत छोटी मेणबत्ती, तळावर मेणाचा थेंब टाकून घट्ट बसवलेली, आणि ज्योत कागदापासून सगळीकडून चार बोटं लांब पाहिजे, नाहीतर तेलाचा कागद आहे, पेट घेईल. तीन वर्षांच्या पोराला बॅटरीचा दिवा दिला तरी चालतो, त्यावरून कुणी नाक मुरडू नये.

वाट निवडताना डांबरी रस्ता नको, गाड्यांच्या हेडलाइटपुढे कंदील दिसतच नाही. शेतातली पाणंद चांगली, पण उभ्या उसाच्या कडेची नको, उसात बिबटे असतात हे कराडकडच्या लोकांना सांगायला नको आणि आपल्याकडेही आधी शेताच्या मालकाला विचारूनच जावं. कापणी झालेल्या रानातून जाणारी वाट बघा. दिवसा एकदा स्वतः चालून या, खड्डे, विहीर, कुत्री सगळं बघून. दोनच गाणी, तीच परत परत. मोबाइलचा टॉर्च कुणी लावायचा नाही, एक मोठा माणूस पुढे, एक मागे, दोघांच्या हातात घरातला कंदील.

आणि याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतात, बीडकडून वगैरे, रानात खोपटी घालून राहतात आणि त्यांची पोरं पहाटेच्या थंडीत उघड्यावर असतात. मार्टिनची गोष्ट सांगायची आणि हे बघायचं नाही असं आम्हाला करवत नाही. म्हणून आम्ही गरम कपडे देतो, पण त्याला पद्धत आहे. टोळीच्या मुकादमाला आधी विचारायचं, काय लागतं, किती मुलं आहेत, केवढी. मग स्वेटर घरी धुवायचे, वर्गात आणून मुलांनी तुटलेली बटणं लावायची, उसवलेलं शिवायचं, घडी घालायची. पहिली-दुसरीतली मुलं एक बटण लावायला अर्धा तास घेतात, जीभ बाहेर काढून. द्यायला मोठी माणसं जातात, मुलांना घेऊन जाऊन फोटो काढणं आम्ही एका वर्षीही केलं नाही आणि करू नये असं मला मनापासून वाटतं.

६ डिसेंबर

युरोपात ६ डिसेंबरला संत निकोलस येतो, मुलं रात्री बूट बाहेर ठेवतात, सकाळी त्यात अक्रोड, संत्री. काही नवीन पालक विचारतात आपण का करत नाही. आपल्याकडे तो बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन आहे. आणि साताऱ्याला तर त्यांची शाळा आहे, आजचं प्रतापसिंह हायस्कूल, तिथे ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव दाखल झालं, म्हणून ७ नोव्हेंबर आता राज्यभर विद्यार्थी दिवस असतो. आमच्या शाळेत कितीतरी घरांत ६ तारखेला मुंबईला जायची पद्धत आहे. त्या दिवशी बुटात खाऊ भरणं बरं दिसत नाही. आम्ही सकाळी एक मेणबत्ती लावतो, शांत बसतो, मोठ्या मुलांना त्या शाळेतल्या मुलाची गोष्ट सांगतो, आणि बास. संत्री नंतर कधीही खाता येतात.

स्पायरल

सगळ्यात जास्त प्रश्न याचेच असतात. तिकडे हे पहिल्या ॲडव्हेंटच्या सुमाराला करतात, आम्ही २१ डिसेंबरच्या जवळच्या शुक्रवारी, कारण तेव्हाच आपलीही सगळ्यात मोठी रात्र असते. हिरव्या डहाळ्यांची जमिनीवर मोठी गोल गोल वाट, शंखासारखी आत वळत जाणारी. मधोमध एक जळती मेणबत्ती. खोली अंधारी. एकेक मूल हातात न पेटवलेली मेणबत्ती घेऊन एकटं आत चालत जातं, मधल्या ज्योतीवर आपली पेटवतं, परत येताना वाटेच्या कडेला कुठेतरी ठेवतं. मग दुसरं. शेवटचं मूल येईपर्यंत सगळी वाट उजळलेली असते. एवढंच आहे. कुणी काही बोलत नाही, भाषण नाही, टाळ्या नाहीत.

तयारी सांगते. हॉल निदान वीस फुटी पाहिजे. मध्ये खिळ्याऐवजी कुणाला तरी दोरी धरून बसवा आणि दोरी सोडत सोडत खडूने आधी वाट आखून घ्या, अडीच फूट रुंद, तीन फेरे पुरे. वाट अरुंद झाली की मुलं पायाखाली बघत बसतात. डहाळ्या ओल्या, त्याच दिवशी सकाळी आणलेल्या. आंबा, निरगुडी, सुरू, आणि मध्ये मध्ये शेवंती नाहीतर झेंडू. झाड छाटायचं असेल तिथून मागून आणा, डोंगरातून तोडू नका. पहिल्या वर्षी आम्ही उसाचं पाचट वापरलं होतं, फुकट मिळालं म्हणून, आणि एक मेणबत्ती कलली तर क्षणात भडका उडाला. कुणाला काही झालं नाही, शेजारी बादली होती, पण ती चूक आमचीच होती आणि तेव्हापासून वाळकं काहीही आत येत नाही. दोन बादल्या पाणी, एक पाटी वाळू, एक जाड घोंगडी, आणि स्पायरलच्या आत कडेला बसलेला एक मोठा माणूस ज्याचं काम फक्त मुलांच्या बाह्या आणि केस बघणं. कपडे सुती किंवा लोकरीचे, नायलॉनचा फ्रॉक नको, ओढणी नको, केस बांधलेले.

तिकडे मेणबत्ती सफरचंदात खोचतात. आम्ही पेरू घेतो, थंडीत पेरू असतोच. कडक, हिरवट बघून घ्यायचा, पिकलेला मेणबत्ती धरत नाही. खालून एक चकती कापून बूड सपाट करायचं म्हणजे गडगडत नाही, वरून चाकूच्या टोकाने बी काढून भोक पाडायचं, मेणबत्तीपेक्षा किंचित लहान, आणि दाबून बसवायची. हे आदल्या दिवशी केलं तर पेरू काळा पडतो, त्याच दिवशी दुपारी करा. आणि मग हॉलमध्ये निरगुडीचा, पेरूचा आणि मेणाचा मिळून जो वास येतो ना, माझी मुलगी त्याला डिसेंबरचा वास म्हणते.

मुलांना आधी काही शिकवायचं नाही, पाचवी-सहावीतलं एखादं मूल पहिलं जातं आणि बाकीची बघून करतात. कुणी घाबरलं तर आई-बाबांनी हात धरून जायचं, कुणाला जायचंच नसेल तर मांडीवर बसून बघायचं, पुढच्या वर्षी जाईल. घाई करायची नाही. एका वर्षी बालवाडीतला एक मुलगा वाटेत पेरू ठेवायला खाली बसला तो उठेचना. दोन मिनिटं झाली, तीन झाली, त्याची आई माझ्या शेजारी, माझा हात घट्ट धरून. ताई तीच ओळ गात राहिल्या. मग दिसलं, त्याचा पेरू कलत होता, आणि तो फरशीवर चाचपून छोटा दगड शोधत होता टेकण लावायला. दगड मिळेना तेव्हा त्याने झेंडूचं एक फूल दुमडून खाली सरकवलं, पेरू सरळ झाला, आणि तो उठून आला. कुणी मध्ये पडलं नाही याचा मला आजही आनंद आहे.

चाळीस मुलांना सव्वा तास लागतो. तान्हं बाळ रडलं तर बाहेर न्या, वाईट वाटून घेऊ नका. फोन दाराशी पाटीत ठेवायचे, बंद करून. फोटो मिळत नाहीत म्हणून काही पालक हिरमुसतात, मीही पहिल्या वर्षी हिरमुसले होते. आजी-आजोबा जरूर आणा, खुर्च्या मात्र आधी सांगा. संपल्यावर लगेच मोठे दिवे लावू नका, मुलांना शाल गुंडाळून तसंच गप्प घरी न्या, रस्त्यात कसं वाटलं रे असं विचारू नका.

नाताळ ते ३ जानेवारी

शाळेला सुट्टी. तिकडे शिक्षक मिळून मुलांना मेंढपाळांचं जुनं नाटक करून दाखवतात, डॅन्यूबकाठच्या ओबरउफर गावचं, मुलांना भेट म्हणून. आमच्याकडे पालक पंधरा मिनिटांचं काहीतरी करतात, मेंढपाळ मात्र आपला धनगर असतो, घोंगडी आणि काठी घेतलेला. ख्रिस्ती घरांतून त्या दिवशी केक येतो, मुसलमान घरांतून ईदला शिरखुर्मा येतो, आणि एकूणच कुणाच्या घरचं काय ते विचारून, मान ठेवून करा.

३ जानेवारी सावित्रीबाईंचा जन्मदिवस, १८३१ चा, आणि नायगाव आपल्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. चौथी-पाचवीच्या मुलांना घेऊन आम्ही जाऊन येतो. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल यायचा म्हणून त्या दुसरं लुगडं बरोबर ठेवायच्या ही गोष्ट तिथे बसून सांगितली की मुलं एकदम गप्प होतात.

भोगी आणि संक्रांत

आता माझा लाडका सण. १३ जानेवारीला, एखाद्या वर्षी १४ ला, भोगी असते, न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात, आणि शाळेत त्या दिवशी वही उघडत नाही. सकाळी मोठी सतरंजी, मध्ये ढीग. पावटा, ओला हरभरा, घेवडा, गाजर, वांगी, शेंगदाणे, बोरं. प्रत्येक मुलाला एक वाटी. बालवाडीची मुलं हरभरा सोलतात, हिरवे घाटे फोडताना बोटं आंबट होतात आणि चाटत बसतात, मोठी मुलं विळीवर नाही पण सुरीने गाजर चिरतात. तिळाचं कूट खलबत्त्यात, मिक्सर नाही, कारण खलबत्त्याचा आवाज आणि तिळाचा वास सगळ्या वर्गात जायला पाहिजे. बाजरीच्या भाकरीला पीठ ताजं दळलेलं घ्या, बाजरीचं पीठ लवकर कडू होतं. आधणाच्या पाण्यात मळायचं, थापायची, वरून तीळ पेरून पुन्हा हलक्या हाताने थापायची, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं. मुलांच्या भाकरी नकाशासारख्या होतात, तशाच खायच्या. वर लोणी. ज्या नवीन पालकांना आपलं मूल भाजी खात नाही अशी काळजी असते त्यांनी त्या दिवशी दुपारी येऊन बघावं.

हलवा आमच्या एका आजी करतात, माहेर वाईचं, वय पंचाहत्तरच्या पुढे. हे वॉल्डॉर्फमधलं हस्तकाम कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नसतील पण मला तरी यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. शेगडीवर अगदी मंद निखारा, त्यावर परात, परातीत तीळ. साखरेचा पाक चमच्याने थेंब थेंब टाकायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं, फिरवत राहायचं, पाक सुकला की पुन्हा थेंब. पहिला दिवस काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दाणे पांढरे होतात, मग हळूहळू काटा यायला लागतो. हवा कोरडी आणि थंड असेल तरच काटा येतो, ढगाळ झालं की आजी शेगडी विझवतात आणि म्हणतात आज नाही. मुलं येता-जाता बघतात, कुणी त्यांना बसवलेलं नसतं. तीन दिवसांत वाटीभर हलवा होतो, त्यातून बालवाडीतल्या सगळ्यात लहान मुलाच्या बोरनहाणाचा मुकुट.

तुम्ही घरी करणार असाल तर तीन दिवसांची तयारी ठेवा, नाहीतर सरळ तिळाच्या वड्या करा.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, तिळगूळ. शाळेत आम्ही हळदीकुंकू ठेवत नाही, तिळगूळ ठेवतो, सगळ्यांना, आई, आजी, विधवा मावशी, बाबा, शाळेची बस चालवणारे काका, सगळ्यांनी सगळ्यांना द्यायचा. सुगडं कुंभाराकडून आणतो आणि मुलं ती ऊस, बोरं, गाजर, हरभरा, गव्हाच्या ओंब्या घालून भरतात आणि शेजारच्या घरी स्वतः नेऊन देतात. उत्तरायण खरं तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं, संक्रांत सूर्य मकर राशीत जाण्याची, ती हळूहळू पुढे सरकत आलीय. सहावी-सातवीच्या मुलांना भिंतीवरची सावली डिसेंबरपासून रोज खडूने मारायला लावा, सूर्य परत फिरलेला त्यांना स्वतः दिसतो, मग सांगायचं.

रथसप्तमी आणि मेणबत्त्या

रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून संक्रांतीच्याच सुगडात दूध उतू घालायचं, रांगोळीने सूर्याचा रथ. पंधरा मिनिटांचं काम.

तिकडे २ फेब्रुवारीला मेणबत्त्या करतात, आपणही त्याच सुमाराला. मधमाशीचं मेण महाबळेश्वरकडे मिळतं, तिथलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, मुलांना दाखवायला न्यायलाही छान. मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं. थेट गॅसवर कधीही ठेवू नका, पेटतं. मोठ्या पातेल्यात गरम पाणी, त्यात उंच डबा, डब्यात मेण. सुती वातीच्या टोकाला छोटी नट बांधा म्हणजे सरळ लोंबते. मुलांची रांग गोल फिरते, वात बुडवायची, लगेच वर काढायची, एक फेरी चालायचं, तेवढ्यात थर गार होतो, पुन्हा बुडवायची. डब्यात धरून ठेवली तर आधीचे थर वितळून जातात, हे प्रत्येक मूल एकदा करून बघतंच, करू द्या. वीस-पंचवीस फेऱ्यांनी बोटाएवढी मेणबत्ती होते. त्यावर नाव कोरायचं नाही, सगळ्या एकत्र एका टोपलीत जातात.

ती टोपली कोरड्या जागी, उंदरांपासून लांब, पुढच्या डिसेंबरच्या स्पायरलसाठी. जुनी उरलेली बुडखी डब्यात गोळा करा, पुढच्या वेळी त्याच मेणात जातात. आणि त्याच दिवशी ऋतूच्या कोपऱ्यावरचं निळं कापड काढून धुवायला टाका, पिवळं घाला. आंब्याला मोहोर आलेला असतो, एक छोटी डहाळी तांब्यात ठेवायची, खाली पराग सांडतो तो पुसायचा नाही.

यंदा कंदिलाच्या कागदांना तेल लावायला पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी दहा वाजता जमतोय. जुनं सुती कापड आणि एक वर्तमानपत्र घेऊन या, तेल शाळेत आहे.